उपवासाला चालणारी गोळी

दुपारी खाणीत सुरुंग उडाला, तशी विठ्ठल मंदिराच्या खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि ज्योत्स्नाच्या गळ्यातली वीणा कोणी न छेडता आपली आपणच गुणगुणली. चंद्रपूरच्या कोळसा वसाहतीत जन्म काढलेल्या माणसाला सुरुंगाचं काही वाटत नाही. फळीवरची भांडी वाजली की बायका म्हणतात, चला, जेवायची वेळ झाली. पण आज सुरुंगासोबत ज्योत्स्नाच्या आतही काहीतरी हललं. कोमट, ओळखीचं, हळूच खाली उतरणारं. ज्याला निरोप देऊन, दार लावून, कडी घालून झाली होती, असा पाहुणा मागच्या दारानं आत यावा आणि म्हणावा, काय म्हणता, बरं आहे ना? तिनं डोळे मिटले, उघडले. समोर विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा. "रामकृष्णहरी," ती मोठ्यानं म्हणाली, कारण नाम थांबवता येत नव्हतं. आणि मनात म्हणाली, आता नको रे बापा, आता नको.

सप्ताह बसला की सात दिवस, सात रात्री नाम तुटायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकायची नाही. खुंटीला नाही, खुर्चीवर नाही, गादीवरही नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्याच गळ्यात. वसाहतीच्या मंदिरात रात्रीचा पहारा पुरुषांचा, दिवसाचा महिला मंडळाचा. आणि महिला मंडळातली वीणा कोणाच्या गळ्यात जाईल, ते वच्छलाबाई ठरवणार. वच्छलाबाईंचा नियम साधा होता. ज्या बाईचं 'ते' जाऊन वर्ष उलटलं, तिनं वीणा घ्यावी. बाकीच्यांनी टाळ कुटावेत, तेही चालतील त्याच दिवसांत. ज्योत्स्नानं टाळ कुटण्यात उमर घालवली होती. कीर्तन हा तिचा जीव. बुवानं पूर्वरंग सोडून आख्यानाला हात घातला की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि आख्यानात कोणी भक्त रडला की त्याच्याआधी ही रडून मोकळी व्हायची. पण वीणा ती वीणाच. पन्नाशी गाठली आणि अखेर दिवस लांबायला लागले, तेव्हा बाकीच्या बायका गुडघ्यांच्या आणि केसांच्या नावानं हळहळत होत्या. ज्योत्स्ना मात्र सासरी जायला निघालेल्या नवरीसारखी महिने मोजत होती. अकरा महिने सरले आणि पुन्हा आलं. सापशिडीच्या पटावर शेवटच्या घराखाली लांबलचक साप बसलेला असतो, त्यानं गिळलं. "बस मागं," वच्छलाबाई टाळ तिच्या हातात देत म्हणाल्या होत्या, "पुन्हा पहिल्यापासून."

दुसऱ्या खेपेला मात्र वर्ष पुरं झालं. मागच्या सप्ताहात वच्छलाबाईंनी सगळ्यांसमोर, मृदंगवाल्या म्हाताऱ्यासमोरसुद्धा, खणखणीत आवाजात विचारलं होतं, "झालं का वो वर्ष?" आणि ज्योत्स्नानं मान डोलावल्यावर स्वतःच्या गळ्यातली वीणा काढून तिच्या गळ्यात घातली होती. लग्नातल्या हारानं जे झालं नव्हतं ते त्या वीणेनं झालं. ती लाजली. आणि आज तीच वीणा गळ्यात, आणि हे. रामकृष्णहरी. परकर कोणत्या रंगाचा घातलाय? रामकृष्णहरी. पिवळा. रामकृष्णहरी, पिवळाच काऊन घातला मी, एवढा मरून रंगाचा पडला होता घडीत.

साधना आत्ता येईल, तिनं स्वतःला समजावलं. पुढचा पहारा साधनाचा होता. साधना आणि टाळकरी बायका रस्त्यापलीकडच्या समाजमंदिरात पंगतीला गेल्या होत्या. मागच्या खोलीत कीर्तनकार लहानू महाराज वामकुक्षी घेत होते; त्यांचं घोरणं ठाय लयीतून निघून दुगुणीत शिरत होतं. वीणा त्यांच्या गळ्यात घालता आली असती. पण मग त्यांना उठवून कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा वाघ परवडला. हे मनात यायला आणि रस्त्यावरून वनखात्याची जीप भोंगा लावून जायला एकच गाठ पडली. "नागरिकांनी लक्ष द्यावे, सबस्टेशनच्या मागच्या झुडपात वाघ बसलेला आहे, कोणीही घराबाहेर पडू नये, मोबाईलवर फोटो काढायला जाऊ नये." वसाहतीत हे काही नवीन नव्हतं. वाघ यायचा, बसायचा, त्याचं मन झालं की जायचा. तोवर रस्ता बंद. म्हणजे साधना पलीकडे, पंगत पलीकडे, टाळ पलीकडे. इकडे ती, वीणा आणि विठ्ठल. "रामकृष्णहरी," ती म्हणाली, आणि आवाज एकटाच सभामंडपात फिरून परत आला.

सगळं त्या वाफांपासून सुरू झालं. म्हणजे चंद्रपूरच्या बाईला आपल्या अंगातून वाफा निघतात हे कळायलाच डिसेंबर उजाडावा लागतो. मे महिन्यात सगळ्यांच्याच निघतात. ज्योत्स्नानं भर थंडीत कूलर लावला. नवरा धनराज दोन ब्लँकेटांत गुंडाळून पडला आणि आतून बोलला, "तुह्या अंगात उन्हाळा बसला, पण न्यूमोनिया मले होईन." रात्र रात्र झोप नाही. शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवता शिकवता रडू यायचं, तेही नद्या शिकवताना, वैनगंगेवर येऊन. शेवटी डॉक्टर रंजीतांकडे गेली. त्यांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, घरात कोणाला कॅन्सर होता का ते विचारलं, आणि म्हणाल्या, शरीरानं जे बनवायचं सोडलं ते थोडं बाहेरून देऊ, हार्मोनची गोळी, रोज एक. "सुरुवातीचे काही महिने थोडं डाग पडल्यासारखं होईल. घाबरायचं नाही. पण लपवायचंही नाही. मला सांगायचं." गोळी गुलाबी होती, मसुराच्या डाळीएवढी. पंधरवड्यात वाफा बसल्या. वैनगंगा कोरड्या डोळ्यांनी शिकवून झाली. कूलरवर चादर गेली आणि धनराजवरचं एक ब्लँकेट उतरलं.

मग सोमवार आला. ज्योत्स्नाचे सोमवार असत, चतुर्थी असे, दोन्ही एकादशा असत. उपवासाची गोष्ट अशी की त्याला साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, शेंगदाणा तर देवाचाच लाडका, चहा चालतो, आणि धनराजच्या उपवासाला तंबाखूचा खर्राही चालायचा. पण गोळी? तिनं गोळ्यांच्या डब्यातला घडीचा कागद उलगडून वाचला. मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखी अक्षरं. औषधांच्या नावानंतर एके ठिकाणी स्टार्च असं होतं. "स्टार्च म्हणजे काय हो?" धनराज खाणीत इलेक्ट्रिशियन, त्याला जगातलं सगळं माहीत. खर्रा गालात सरकवून तो म्हणाला, "मक्याचं पीठ. गोळी बांधाले टाकतात." झालं. मका म्हणजे धान्य, आणि उपवासाला धान्य कसं चालावं? तिनं गोळी परत डब्यात ठेवली, देवाला नमस्कार केला आणि भगर टाकली. दुसऱ्या दिवशी उपवास सोडताना वरणभातासोबत गोळी घेतली. तेव्हापासून हा नेमच झाला. आणि नेम म्हटला की त्यात चूक ती कसली?

म्हणून मागल्या महिन्यात डाग पडले, तेव्हा डॉक्टर रंजीतांनी विचारलं, "गोळी चुकत तर नाही ना?" तर ज्योत्स्ना ताठ मानेनं म्हणाली, "एकही नाही." खोटं बोलत नव्हती ती. चुकणं म्हणजे विसरणं. ती काही विसरत नव्हती. आठवणीनं सोडत होती. सोनोग्राफी झाली, गर्भाशयाचं अस्तर पातळ आहे म्हणाल्या, थोडी वाट पाहू, पुन्हा झालं तर या. बाहेर आल्यावर तिनं सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच श्वासात तिला आत्या आठवली. अहेरीची आत्या, ज्योत्स्ना लहान होती तेव्हाची. पार म्हातारपणी आत्याला पुन्हा सुरू झालं होतं आणि ती लाजून हसत, पदराआड, आईला म्हणाली होती, "पाह्य वो, तरुणपण वापस आलं मले." कोणाला दाखवलं नाही. पुढच्या दिवाळीला आत्या नव्हती. रामकृष्णहरी. आत्या हसली होती, तिचा तो एक सोन्याचा दात. रामकृष्णहरी. आता हे पुन्हा झालंय, म्हणजे डॉक्टरकडे जायचं. म्हणजे सांगायचं. म्हणजे आधी इथे सांगायचं, वच्छलाबाईंना. म्हणजे वीणा गेली. काल्याच्या कीर्तनाला, शेवटच्या दिवशी, वीणेकरी म्हणून बुवाच्या मागे उभं राहायचं होतं तिला. तिच्या मेलेल्या आईनं वरून पाहावं म्हणून नवी साडी घेतली होती. न सांगता नाही का निभणार? तिनं विठ्ठलाकडे पाहिलं. त्याच्याकडून काही हालचाल नाही. लपवणाऱ्यासमोरही तो तसाच उभा असतो, ही त्याची मोठी पंचाईत.

अहेरीला बाबा लाकडाच्या डेपोत होते, आणि डेपोमागच्या पाड्यातली सोमारी तिची मैत्रीण. सोमारीच्या पाड्याकडेला एक बुटकी झोपडी होती. महिन्याच्या त्या दिवसांत बाईनं तिथं राहायचं. ज्योत्स्नाला त्याचं फार नवल वाटायचं नाही, कारण तिच्या आईनंही तिला स्वयंपाकघराबाहेर तरटावरच बसवलं होतं; फरक एवढाच की तरटाला छप्पर चांगलं होतं. एकदा ती लांबून सोमारीला चिंचा द्यायला गेली, तर सोमारी झोपडीच्या दारात उभी. एक पाय आत, एक उचललेला. "काय झालं?" "अंदर साप आहे." "मंग बाहेर ये ना!" "बाहेर कशी येऊ? दिवस नाई भरले." आत साप, बाहेर नियम, आणि उंबरठ्यावर सोमारी, बगळ्यासारखी. शेवटी ज्योत्स्नानंच काठी आपटून साप पळवला, आणि सोमारी एवढी हसली, एवढी हसली की चिंचा सांडल्या. किती वर्षांची गोष्ट. आज ज्योत्स्नाच्या गळ्यात वीणा, सबस्टेशनमागे वाघ, आणि काठी आपटायला कोणी नाही.

मागच्या दारात चप्पल वाजली. वच्छलाबाई. त्यांचं घर मंदिराला पाठ लावून, त्यामुळे त्यांना रस्त्याचा जाच नव्हता. सत्तरीच्या, ठेंगण्या, एक गुडघा कामातून गेलेला. भिंतीला धरत धरत आल्या आणि ज्योत्स्नाच्या तोंडाकडे पाहून थांबल्या.

"काऊन वो, तोंड असं काऊन झालं तुहं? वाघाचं भ्या वाटते? तो नाई येत आत. त्याले चप्पल काढता येत नाई."

"रामकृष्णहरी," ज्योत्स्ना म्हणाली. गळ्याशी दोन वाक्यं येऊन उभी होती. पाय दुखतात बाई, हे एक. ते सोपं होतं. दुसरंच बाहेर पडलं. "वीणा घ्या, बाई. मले शिवता येत नाई आता. आलं."

"कोण आलं? वाघ?"

"ते. ते आलं, बाई."

वच्छलाबाईंनी विठ्ठलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग ज्योत्स्नाकडे. "असं कसं येते? मी सोता वर्ष मोजलं तुहं!"

"गेलंच होतं. मी गोळ्या घेतो, वाफांच्या. त्यानं येते म्हणे कधीकधी. रामकृष्णहरी."

"म्हणजे हे तुहं नाई, गोळीचं आहे." वच्छलाबाई विचारात पडल्या. "गोळीच्याचं आमच्या आजेसासूनं काई सांगितलं नाई."

"लहानू महाराजाले विचारावं का?"

दोघींनी मागच्या खोलीकडे पाहिलं. घोरणं आता चौगुणीत होतं. "नको," दोघी एकदमच म्हणाल्या.

"पाह्य," वच्छलाबाई एकेक बोट मिटत म्हणाल्या, "तू देशीन अन् मी घेईन, तर मी शिवली. मी शिवली, तर साधनाले कशी देऊ? तिले दिली तर ती शिवली. असं करत करत काल्यापर्यंत पुरं मंडळ बाहेर. अन् खाली ठेवली, तर सप्ताह मोडला." त्या खांबाला टेकल्या. उभ्या हयातीत त्यांनी दोन नियम एका दोरीनं बांधून सांभाळले होते, आणि आज दोन्ही बैल दोन दिशांना ओढत होते. "पांढरीफटक पडली तू. काल काय खाल्लं?"

"भगर. सप्ताहभर फराळच करून राह्यली. रामकृष्णहरी."

"अन् गोळी?"

"गोळी कशी घ्यावं, बाई? त्यात मका राह्यते."

हे वाक्य तिनं आजवर फक्त मनात म्हटलं होतं, आणि मनात ते पार शुद्ध, सोवळं, धुऊन वाळवलेलं वाटायचं. रिकाम्या मंडपात ते घुमून परत आलं तेव्हा तिनं ते पहिल्यांदा ऐकलं. त्यात मका राह्यते. सोमवारी सोडली की मंगळवार-बुधवारी डाग. एकादशी आणि सोमवार लागून आले होते, तेव्हा तर दवाखाना गाठावा लागला. आणि आता सप्ताह बसल्यापासून एकही नाही. ती जितकी शुद्ध होत गेली, तितकं रक्त जात गेलं. तिला हसू आलं, ते दाबताना वीणा हलली, आणि तारेनंच आधी हसून घेतलं.

"काय खुळी आहे वो तू!" वच्छलाबाई म्हणाल्या. "अवो, मीबी बीपीची गोळी सोडली होती एका सप्ताहात. मृदंगावर नाई का पडली?"

"तवा तुमाले समाधी लागली होती ना?"

"समाधी कायची! चक्कर होती. लोकं पाया पडून राह्यले, पण पाणी कोणी देईना. तवापासून घेतो मी, एकादशी असो का शिवरात्र. देवानं विचारलं तर सांगीन, तुहाच सप्ताह ओढाले घेतली." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "दे इकडं. जा, पाहून ये तुहं. पण लवकर ये, गुडघा धरत नाई."

"पण बाई, तुमी शिवसान..."

"विटाळ पाहू का वीणा पाहू? दे म्हटलं ना."

वीणा गळ्यातून निघाली तसं ज्योत्स्नाला मान फार हलकी वाटली, नको तितकी हलकी. मंदिरामागच्या न्हाणीत तिनं पर्स उघडली. मागच्या डागांपासून ती जवळ कापडाची घडी बाळगत होती. पिवळा परकर जेवढा भ्याली होती तेवढा काही बिघडला नव्हता. मग तिनं, बादलीवर बसूनच, डॉक्टर रंजीतांना फोन लावला.

"डॉक्टर, गोळी चुकते का, असं तुम्ही विचारलं होतं ना. तर चुकत नाही. पण उपवासाला मी सोडते."

"कोणत्या उपवासाला?"

"सोमवार. चतुर्थी. एकादशी, दोन्ही. अन् आता सप्ताह."

 तिकडे फोनवर हात ठेवून कोणी खोकल्यासारखं झालं. "ज्योत्स्नाताई," डॉक्टर म्हणाल्या, "मग घेता कधी?"

पण पुढचं त्या हसून बोलल्या नाहीत. रोज एका ठराविक वेळी घेतली तर अस्तर पातळ राहतं. मध्ये मध्ये सोडली की ते गळतं. आज गोळी घ्या, एकच, राहिलेल्या भरून काढू नका. खूप जायला लागलं तर आजच या. नाहीतर सोमवारी. "बहुतेक त्यानंच झालं असेल. पण पाळी गेल्यावर येणारं रक्त मी बहुतेकवर सोडत नाही. पुन्हा आतून बघू, गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासू."

"सोमवारी तर माझा उप..."

"ज्योत्स्नाताई."

"येते."

आत्याचा सोन्याचा दात एकदा लकाकून गेला. भीती गेली नव्हती, पण तिला आता सोमवार हा वार मिळाला होता. ज्योत्स्नानं पाकिटातली गुलाबी गोळी काढली, तळहातावर धरली. मसुराच्या डाळीएवढी. त्यात मक्याचं पीठ ते केवढं? मुंगीच्या पंगतीला पुरलं नसतं. तिनं डोळे मिटले, "रामकृष्णहरी" म्हटलं, प्रसाद घेतात तसा उजव्या हाताखाली डावा धरला आणि नळाच्या पाण्यासोबत गिळून टाकली.

मंडपात वच्छलाबाई एक पाय उचलून बगळ्यासारख्या उभ्या होत्या, वीणा छातीशी धरून, आणि नाम इतक्या जोरानं घेत होत्या की मागचं घोरणं थांबलं होतं. ज्योत्स्नाला पाहून त्यांनी नाम न तोडता डोळ्यांनीच खूण केली, लवकर ये.

"काय म्हणे डॉक्टरीण? रामकृष्णहरी."

"म्हणे रोज घ्या. मधात तोडू नका. तोडली की गळते."

वच्छलाबाईंनी वीणेकडे पाहिलं. अंगठ्यानं तार छेडली, तिचा नाद विरू दिला. "मंग यात नवीन काय सांगितलं तिनं?" त्या म्हणाल्या. "आपण सात दिवस दुसरं काय करून राह्यलो?" आणि गळ्यातली वीणा काढून त्यांनी ज्योत्स्नाच्या गळ्यात घातली, मागल्या वर्षीसारखीच, पट्टा सरळ करून, मानेवरचे केस बाजूला सारून.  "काल्यालेबी तूच उभी राह्य. पण गाभाऱ्यात जाऊ नको," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "तिथलं अजून माह्या मनाले पटत नाई. पुढच्या सप्ताहापर्यंत पाहीन." आणि खांबाला पाठ लावून, हुश्श करत, घसरत घसरत खाली बसल्या.

मग जीप परत गेली, वाघ ज्या वाटेनं आला होता त्या वाटेनं गेला, रस्ता सुटला आणि साधना टाळकरी बायकांना घेऊन धावत आली. सगळ्या एकदम बोलत होत्या, वाघ कोणी पाहिला, कोणी नुसतं शेपूट पाहिलं. "द्या वो काकू, लय वेळ झाला तुमाले," साधनानं हात पुढे केले. ज्योत्स्नानं वच्छलाबाईंकडे पाहिलं. वच्छलाबाई गुडघा चोळत म्हणाल्या, "राहू दे थोडा वेळ तिच्याजवळ. अन् सोमवारी तिच्यासोबत दवाखान्यात मी जातो. तवाचा पहारा तू घे."

"दवाखान्यात काऊन?"

"टाळ घे," वच्छलाबाई म्हणाल्या.

टाळ वाजायला लागले. ज्योत्स्नानं नाम उचललं. पोटात मक्याचं पीठ होतं, गळ्यात वीणा होती, आणि समोरच्यानं कमरेवरचे हात काही काढले नव्हते.